आठवड्याचा बाजार आणि घरचा आहार

धार शहराहून मांडवगडाकडे जाताना, गड येण्यापूर्वी नालछा हे गाव लागते. धार जिल्ह्यातील एका विकासखंडाचे ते मुख्य ठिकाण आहे. विंध्याच्या कडेवरील या मुलखात भिल्ल व भिलाला समाजाची वस्ती मोठी असून गावे सलग वसलेली नाहीत. शेताशेतांवर विखुरलेल्या फळियांचे मिळून एक गाव होते. पवारांच्या धार व देवास संस्थानांमुळे माळव्याच्या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना किराण्याचे दुकान दाराशी असते. फळियावरील कुटुंबाची गोष्ट निराळी आहे. त्याची मुख्य खरेदी आठवड्यातून एकदा, हाटाच्या दिवशी होते. त्या दिवशी हातात किती पैसे आहेत आणि डोक्यावरून किती ओझे नेता येईल, या दोन गोष्टींवर पुढील सात दिवसांचे जेवण अवलंबून राहते.

हाटातील दोन-तीन तासांच्या या खरेदीचा कुटुंबाच्या प्रकृतीशी निकटचा संबंध आहे. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ७३ टक्के आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५५ टक्के रक्तक्षयाने पीडित असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, हिवताप, सिकलसेलसारखे आनुवंशिक विकार हीही त्यांत येतात. तथापि ज्या कारणावर कुटुंबाला स्वतः काही उपाय करता येतो ते कारण म्हणजे आहार, आणि आहाराची निवड बाजारातच होते.

शिधा मिळाल्यानंतर काय घ्यावे

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली संमत झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य, तर अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत आणखी पाच वर्षे वाढविण्यात आली. दरमहा ५ किलो म्हणजे माणशी रोज सुमारे १६५ ग्रॅम. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम धान्य सांगितले आहे. पाच माणसांच्या घरास या हिशेबाने महिन्याला साडेसदतीस किलो धान्य लागते. त्यांपैकी २५ किलो शिधापत्रिकेवर मिळते. उरलेली गरज नालछाकडील बहुतेक शेतकरी कुटुंबे घरच्या मक्यातून किंवा गव्हातून भागवू शकतात. कष्टाचे काम करणाऱ्यास धान्य अधिक लागेल, लहान मुलास कमी. हा हिशेब सरासरीचा समजावा.

याचा अर्थ असा की हाटात नेलेल्या पैशांतून आता धान्य फारसे घ्यावे लागत नाही. पूर्वी मजुरीचा मोठा भाग पोटभर भाकरी मिळवण्यातच संपत असे. तो भाग आता मोकळा झाला आहे. मात्र हा मोकळा झालेला पैसा कोठे जातो याकडे फार थोड्या घरांत लक्ष दिले जाते. तो साखर, चहा, तंबाखू, शेव आणि रंगीत पुड्यांतील तळलेल्या पदार्थांवर गेला, तर शिध्याचे धान्य मिळूनही ताट अपुरेच राहते. तो डाळीवर गेला तर शिध्याचा खरा लाभ घरातील मुलांना मिळतो.

डाळीवर भर देण्याचे कारण मक्याच्या दाण्यातच आहे. मका पोट भरतो व शक्ती देतो. परंतु त्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही शरीराला आवश्यक असलेली द्रव्ये कमी असतात. डाळींत लायसिन विपुल असते. उलट डाळींत जे मेथिओनिन कमी पडते ते धान्य पुरवते. म्हणून मका किंवा गहू तीन भाग आणि डाळ एक भाग असे जेवण झाल्यास दोहोंची उणीव परस्पर भरून निघते. माळव्यातील दालबाटी आणि धार-झाबुआकडील दालपानिये हे पदार्थ याच मेळावर उभे आहेत. अडचण एवढीच, की सणाला ताटात येणारी दाट डाळ रोजच्या दिवशी पातळ पाण्यासारखी होते.

पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी रोज ८५ ग्रॅम डाळ धरली तर पाच जणांच्या घरास आठवड्याला जवळजवळ ३ किलो डाळ लागते. हा आकडा पाहून अनेकांना धक्का बसेल. एवढी डाळ प्रत्येक घराला परवडेल असे म्हणता येणार नाही. परंतु हाटात शिरल्यावर सर्वप्रथम डाळ घ्यावी आणि उरलेल्या पैशांत इतर वस्तू बसवाव्यात, एवढा क्रम पाळला तरी आठवड्याला पाऊण किलोवरून दीड किलोवर जाता येते. तुरीची डाळ महाग वाटत असल्यास हरभरा, उडीद, चवळी, कुळीथ यांपैकी जे स्वस्त असेल ते घ्यावे. पोषणाच्या दृष्टीने तुरीला वेगळा मान नाही.

येथे सोयाबीनचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. माळव्याच्या शेतांत खरिपात दृष्टी जाईल तेथवर सोयाबीन उभे असते. या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदूर येथेच आहे. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि सुमारे २० टक्के तेल असते. शेतकरी तो सगळा दाणा विकतो, कारखान्यात त्याचे तेल निघते, प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः पशुखाद्यासाठी जाते आणि तोच शेतकरी हाटात येऊन तेलाची पिशवी विकत घेतो. पोतेभर सोयाबीन घरी राखून ठेवल्यास वर्षभराच्या प्रथिनांची मोठी बेगमी होऊ शकते. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील पचनास अडथळा आणणारी द्रव्ये उष्णतेनेच नाहीशी होतात. दाणे उकळत्या पाण्यात वीस ते तीस मिनिटे शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून, नऊ किलो गव्हास एक किलो या प्रमाणात दळून आणावेत. पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही.

ओलसर मका

स्वस्त म्हणून घेतलेले किंवा घरचे म्हणून खाल्लेले खराब धान्य किती घातक ठरते याचे उदाहरण दूरचे नाही. १९७४ सालच्या शरद ऋतूत राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत, म्हणजे झाबुआच्या पलीकडील शेजारच्याच भिल्ल मुलखात, दोनशेहून अधिक खेड्यांत काविळीची साथ पसरली. डोळे पिवळे पडत, पोटात पाणी साठे, आणि माणसे दगावत. ३९७ रुग्णांपैकी १०६ जण मृत्यू पावले. आश्चर्य असे की त्याच घरांतील कुत्रीही तशीच आजारी पडून मेली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला तेव्हा कारण मक्यात सापडले. कापणीपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता, कणसे ओली असतानाच भरून ठेवली गेली होती आणि त्यांवर बुरशी चढली होती. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृतावर आघात करते. घरात दुसरे धान्य नव्हते. त्यामुळे लोक तोच मका रोज खात राहिले. माणसांनी टाकलेली भाकरी कुत्र्यांनी खाल्ली.

हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि भाकरी भाजल्याने किंवा कण्या शिजवल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून काळजी आधीच घ्यावी लागते. मका, भुईमूग किंवा शेंगदाणे घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहावेत. हिरवट, करडे वा काळे डाग असलेले, आक्रसलेले, कुबट वास येणारे दाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. शेंगदाण्यांच्या ढिगातून फुटके व काळपट दाणे वेगळे काढून ते "चटणीपुरते" म्हणून कमी दरात देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो व्यवहार टाळावा. घरच्या पिकाबाबत चांगला माल विकायचा आणि भिजलेला घरी खायचा, ही रीत गरिबीतून आलेली असली तरी तिची किंमत फार मोठी असते. कणसे पूर्ण वाळल्याखेरीज कोठीत भरू नयेत, पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत आणि बुरशी आलेला मका जनावरांनाही घालू नये.

डाळींच्या बाबतीत असाच धोका लाखेच्या डाळीचा आहे. विदर्भात तिला लाखोळी, तर मध्य प्रदेशात तिवडा म्हणतात. ही डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांतील शक्ती जाऊन माणूस कायमचा पंगू होऊ शकतो. रीवा-सतना भागात या रोगाने पूर्वी अनेकांचे आयुष्य उद्ध्वस्त केले. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत तिची भेसळ होत असे. लाखेचा दाणा गोल नसतो. तो कडांनी चपटा, पाचरीसारखा व चौकोनी दिसतो. डाळ सुपात पसरून पाहिल्यास तो ओळखता येतो. मोहरीत मिसळणारे पिवळ्या धोत्र्याचे बी, ज्यास हिंदीत सत्यानाशी म्हणतात, तेही असेच तपासावे: मोहरीचा दाणा गुळगुळीत व आतून पिवळा असतो, धोत्र्याचा खरखरीत व आतून पांढरा. १९९८ साली दिल्लीत अशाच भेसळीच्या मोहरीच्या तेलाने साठाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

तेल, मीठ, साखर आणि पुड्या

तेलाचे प्रमाण माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम पुरेसे आहे. पाच जणांच्या घरास आठवड्याला साधारण एक लिटर. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. सर्वच पिशव्या पूर्ण लिटरच्या नसतात, म्हणून पिशवीवरील आकडा वाचूनच दर ठरवावा. सुटे खाद्यतेल विकण्यास, राज्य शासनाने विशेष सूट दिली नसल्यास, २०११ च्या नियमांनी मनाई आहे आणि त्यामागे वर सांगितलेल्या दुर्घटनेसारखे अनुभव आहेत.

मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे. ते ओलाव्याने व उष्णतेने निकस होते. चुलीजवळच्या उघड्या मडक्यात न ठेवता झाकणाच्या बरणीत ठेवावे. माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, म्हणजे पाच जणांना आठवड्याला पावणेदोनशे ग्रॅम. साखर व गूळ मिळून माणशी रोज २५ ग्रॅमच्या आत राहावेत. गूळ म्हणजे साखर नव्हे असा समज रूढ आहे, तो बरोबर नाही. चहाविषयी एक सूचना: जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात मुरू देत नाही. तो तासभर मागे-पुढे घ्यावा. याउलट जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्ची कैरी असल्यास लोह अधिक प्रमाणात मुरते.

शेवेविषयी माळव्यात कठोर बोलणे अवघड आहे. पोह्यांवर शेव नसेल तर न्याहारी झाली असे येथे कोणी मानत नाही. शेव बेसनाची असते, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. परंतु तिच्यातील तेल व मीठ पाहता ती चवीपुरतीच बरी, भाजीच्या जागी नव्हे. मुलांच्या हातातील पुड्यांचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. पाच रुपयांच्या पुडीवर २० ग्रॅम वजन छापलेले असेल तर तो पदार्थ २५० रुपये किलोने पडला. तीन मुलांना रोज एक पुडी दिली तर आठवड्याला १०५ रुपये खर्च होतात. तेवढ्या पैशांत किती हरभरे येतात, किती अंडी येतात, याची चौकशी मुलांनीच हाटात करून यावी आणि शिक्षकांनी ती उदाहरणे गणिताच्या तासाला फळ्यावर मांडावीत. नफा-तोट्याच्या पुस्तकी उदाहरणांपेक्षा ही उदाहरणे मुलांच्या ध्यानात जास्त राहतील.

बंद पुडी घेताना पाच गोष्टी पाहाव्यात: निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम तारीख आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या दोन नावांत साखर किंवा तेल असल्यास तो पदार्थ मुख्यतः काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. २०२१ साली वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती होऊन ग्रॅम, किलो किंवा लिटरमागे किती दर पडतो हेही वेष्टनावर छापण्याची तरतूद झाली. वाचता न येणाऱ्या मातापित्यांसाठी घरातील शाळकरी मुलगी किंवा मुलगा यांनी हे वाचून दाखवावे. मसाल्यांसाठी ॲगमार्कचे चिन्ह पाहावे. ते चिन्ह १९३७ च्या कायद्याने अस्तित्वात आले. सुटी हळद घेतलीच तर चिमूटभर हळद पाण्याच्या पेल्यात टाकावी. शुद्ध हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे होते. पाणी गडद रंगले तर शंका घ्यावी.

दोन वेळचा तोल

हाटातील एक व्यवहार विशेष लक्ष देण्याजोगा आहे. अनेक कुटुंबे रोख पैसे घेऊन येत नाहीत. ती पिशवीभर मका, सोयाबीन किंवा कापूस घेऊन येतात, तो छोट्या व्यापाऱ्यास विकतात आणि त्याच पैशांत, पुष्कळदा त्याच व्यापाऱ्याकडून, किराणा घेतात. म्हणजे एकाच दिवशी एकाच तराजूवर त्यांचा माल दोनदा तोलला जातो. घेताना पन्नास ग्रॅम जास्त व देताना पन्नास ग्रॅम कमी, असा काटा असला तर नुकसान दुहेरी होते आणि ते लक्षातही येत नाही. विकण्याचा माल थोडा अधिक असेल तर तो कृषी उपज मंडीत नेणे श्रेयस्कर. थोड्या मालासाठी हे शक्य नसते, तेव्हा निदान विक्री एका दुकानी व खरेदी दुसऱ्या दुकानी करावी.

वजनमापांचा कायदा आता वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ या नावाने अस्तित्वात आहे. त्यानुसार दगड, विटा अगर लोखंडाचे तुकडे वजन म्हणून वापरणे हा गुन्हा आहे. लोखंडी वजने व साधा तराजू दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. ग्राहकाने शिक्का दाखवण्यास सांगितले तर त्यात दुकानदाराचा अपमान नाही. टोपलीचे वजन वजा झाले की नाही, माल ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे की नाही, हे पाहावे. ग्रामपंचायतीने हाटाच्या एका कोपऱ्यात तपासलेला काटा ठेवून कोणालाही आपली पिशवी फुकट तोलून पाहता येईल अशी सोय केली तर इतर काटे आपोआप सुधारतील. त्यास फार खर्च येत नाही.

उधारीच्या दुकानाविषयीही एक शब्द. फळियाजवळच्या छोट्या दुकानात दोन रुपयांचे तेल, पाच रुपयांची डाळ अशी खरेदी रोज होते. हातात पैसा नसणाऱ्यास ती टाळता येत नाही. परंतु अशा सुट्या खरेदीत वस्तू नेहमीच महाग पडते. स्वयंसहायता गटातील आठ-दहा स्त्रियांनी महिन्याची डाळ व तेल एकत्र घाऊक दराने आणून वाटून घेतले तर हा फरक घरातच राहतो. गटाला त्यासाठी दुकान काढण्याची गरज नाही, फक्त एक विश्वासू काटा आणि एक वही लागते.

भाजी परसातून

माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या म्हणजे पाच जणांना आठवड्याला १४ किलो. एवढे ओझे कोणी हाटातून आणीत नाही आणि आणले तरी पालेभाजी तिसऱ्या दिवशी सुकते. म्हणून हाटातून टिकाऊ भाज्या आणाव्यात: कांदा, भोपळा, गाजर, काकडी. पालेभाजीसाठी परसावर विसंबावे. शेवग्याचे एक झाड घराजवळ असले तर वर्षातील बराच काळ पाला मिळतो. निमाडाकडे अंबाडीची भाजी व ज्वारीची भाकरी हे नित्याचे जेवण आहे. गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारा चाकवत, ज्यास तिकडे बथुआ म्हणतात, तणनाशक फवारण्यापूर्वी खुडून घ्यावा. फवारलेल्या शेतातील पाला घेऊ नये.

फळांसाठी वेगळा खर्च करण्याची या भागात फारशी गरज नाही. पावसाळा सरल्यावर सीताफळे, हिवाळ्यात बोरे व आवळे, उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळे येतात. मांडवगडाच्या वाटेवर गोरखचिंचेची फळे विकण्यास ठेवलेली असतात. सुलतानांच्या काळात आफ्रिकेकडून आली असे मानल्या जाणाऱ्या या वृक्षाच्या आंबट गरात क जीवनसत्त्व भरपूर असते. प्रवासी ती नवलाई म्हणून नेतात. स्थानिक मुलांच्या तोंडी ती अधिक पडली पाहिजेत.

तक्रार कोठे करावी

खाद्यपदार्थ भेसळीचा असल्याची शंका आल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ च्या कलम ४० अन्वये कोणताही ग्राहक त्याचे नमुने अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदी करतानाच दुकानदारास तशी सूचना द्यावी लागते व शुल्क भरावे लागते; पदार्थ सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते. पावतीचा आग्रह धरावा. हाटात छापील पावती मिळत नसेल तर वहीच्या पानावर वस्तू, वजन, दर, तारीख व दुकानदाराची सही घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. मध्य प्रदेशात शिधा दुकानाविषयीच्या तक्रारीसाठी मुख्यमंत्री साहाय्यवाणीचा १८१ हा क्रमांकही उपयोगी पडतो. हंगामात गुजरातेत मजुरीस जाणाऱ्या कुटुंबांनी शिधापत्रिकेचा क्रमांक व आधार पत्र बरोबर न्यावे. एक देश एक शिधापत्रिका व्यवस्थेमुळे तेथील रास्त भाव दुकानातही त्यांना आपले धान्य उचलता येते, आणि गावी राहिलेली वृद्ध माणसे त्याच पत्रिकेवरील आपला वाटा येथे घेऊ शकतात.